आभाळ शिवणाऱ्या बयाजाचा सत्कार

एका राज्यात, चैत्रातल्या एका सकाळी, सूर्य उगवून बरोबर तीन घटका आणि सात पळे झाली असताना, केवडा नावाच्या बाईची लेक स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

लेकीचं नाव शेवंता, वय दीड वर्ष. तिने भिंत सोडली, दोन्ही हात पसरले आणि आईच्या तोंडाकडे बघितलं. केवडाचा ऊर भरून आला. ती म्हणायला गेली, "शाब्बास माझी बाय!" पण तोंडातून शब्द आला नाही, खडा पडला. करवंदाएवढा, काळा, गुळगुळीत. टणकन जमिनीवर आपटला. पोरीने खड्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि मटकन खाली बसली.

याचं त्या राज्यात कुणाला नवल वाटत नसे. सात वर्षं तिथे कौतुकाचा शब्द कुणाच्या ओठांबाहेर पडला नव्हता. कौतुक करायला जावं आणि खडा पडावा. लहान कौतुकाचा लहान, मोठ्याचा मोठा. राजाच्या भाटाचे पुढचे चार दात यापायीच गेले होते. गवई गाऊन उठे आणि लोक तोंडाला पदर लावून घरी जात. पोरं एकदा उभी राहत, आईच्या तोंडाकडे बघत, आणि बसत ती बसतच. शेजारची रखमी सहा वर्षांची झाली होती आणि अजून रांगत पाणवठ्यावर जाई.

"बसली ना? बसू दे," केवडाची सासू आतून म्हणाली. "जास्त बघत राहू नकोस. बघितलंस की बोलावंसं वाटतं, आणि बोललीस की मला अंगण झाडावं लागतं."

"आत्याबाई, ही पण रखमीसारखी राहिली तर?"

"कडेवर घेऊन फिरशील. आणखी काय?"

केवडा जात्याच काळजीखोर. दाराची कडी तीनदा बघणारी, दूध तापत ठेवलं की चुलीसमोरून न हलणारी. तिने मनातल्या मनात शेवंताला दहा वर्षांची करून बघितली, वीस वर्षांची करून बघितली, आणि रांगतच सासरी जाताना बघितली. मन रमवायला ती खराटा घेऊन अंगणात उतरली.

"थांब! थांब! पाय सांभाळून टाक गं बाई!"

अंगणातल्या खड्यांमध्ये एक टिटवी उभी होती. तिच्या पायांशी खड्यांच्याच रंगाची चार अंडी होती. टिटवी मोकळ्या जमिनीवर दगडगोट्यांतच अंडी घालते, आणि सात वर्षांच्या कौतुकाने त्या राज्यातली अंगणं तिला फार सोयीची झाली होती.

"नाही हो मोडत," केवडा म्हणाली आणि तिने खराटा खाली ठेवला.

"शहाणी दिसतेस. सकाळी तुझी पोर बघितली. माझी पिल्लं अंड्यातून निघाली की पंख वाळायच्या आत पळतात. तुझी उभी राहते आणि बसते. मला नाही बाई बघवत."

"मला तरी कुठे बघवतं?"

"मग नीट ऐक. आजपासून तिसऱ्या दिवशी, माध्यान्ही, सावली पायाखाली येईल तेव्हा शापाला सात वर्षं भरतात. तोवर राहिलेला सत्कार झाला तर झाला. नाही झाला, तर जे खडे ते कायमचे खडे. तीन गोष्टी लागतील. दगडाच्या खांद्यावरची शाल. मायाधर जादूगाराकडचं न बुडणारं घटिकापात्र. आणि बयाजा, तिच्या स्वतःच्या पायांनी आलेली. पालखीत घालून आणाल तर उपयोग नाही."

कोणता सत्कार राहिला होता, हे केवडाला सांगावं लागलं नाही. ते राज्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी भर दुपारी त्या राज्यावरचं आभाळ फाटलं होतं. जुनेर फाटावं तसं, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत. फटीतून चांदण्या गळू लागल्या, आणि ज्या छपरावर पडत ते छप्पर पेट घेई. तेव्हा बयाजा नावाची गोधड्या शिवणारी बाई दाभण आणि सुताचा गुंडा घेऊन शिडीवर चढली आणि तिने आभाळ शिवून टाकलं. सेनापती वज्रबाहूने खाली शिडी धरली होती.

राजाने दुसऱ्याच दिवशी सत्कार मांडला. बयाजाला पुकारलं, ती "नको" म्हणाली. पुन्हा पुकारलं, पुन्हा "नको" म्हणाली. मुहूर्त टळू लागला. प्रधानाने घाईघाईने मानाची शाल सेनापतीच्या खांद्यावर टाकली. त्या क्षणी शालीसकट सेनापतीचा दगड झाला. राजा "धन्य, धन्य!" म्हणायला गेला आणि राज्यातला पहिला खडा पडला. बयाजा उठून निघून गेली. लोक म्हणाले, हिनेच शाप दिला. तेव्हापासून तिचं नाव कुणी घेत नसे.

केवडाचं घराणं दरबारातल्या समारंभांची मांडणी करणारं. पाट, चौरंग, रांगोळी, तबक हे त्यांच्याकडे. सात वर्षं समारंभ नव्हता, म्हणून त्यांच्या घरचे पाट कोळ्यांनी भरले होते. केवडाने पोर कडेवर घेतली आणि ती थेट राजा सिंहभद्राच्या दरबारात जाऊन उभी राहिली.

"तू कोण?" राजाने विचारलं.

"मांडणीवाली केवडा."

"काय मागतेस?"

"समारंभ मागते, महाराज. परवा माध्यान्ही. बयाजाचा सत्कार."

प्रधान हसला. "सात पंडितांनी सात यज्ञ केले. त्यांना जमलं नाही ते तुला जमणार?"

"पंडितांनी आहुत्या दिल्या, प्रधानजी. पाट कुणी मांडला का?"

राजा सिंहासनावर पुढे सरकला. मग म्हणाला, "मांड."

दरबाराच्या मधोमध सेनापती वज्रबाहू दगड होऊन उभा होता. ती शाल काढायला बारा पैलवान लावून झाले होते, साखळी बांधून हत्तीही लावून झाला होता. साखळी तुटली, शाल हलली नाही. केवडा पुढे गेली. सवयीने तिने आधी पुतळ्यावरची धूळ पदराने पुसली, कानात साठलेली माती काडीने काढली. मग विचारलं, "सेनापती, ऐकू येतं का?"

"येतं," दगडातून आवाज आला. "सात वर्षं येतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही. जो आला तो ओढायलाच लागला."

"मी विचारते. शिडी कुणी धरली?"

"मी. तळहात सोलवटले, पण हलू दिली नाही."

"आणि आभाळ कुणी शिवलं?"

दगड हळू आवाजात म्हणाला, "बयाजाने. शाल अंगावर पडली तेव्हाच मी 'माझी नव्हे' म्हणायला हवं होतं. ऊबदार होती गं. मी गप्प बसलो."

एवढं बोलल्याबरोबर शाल मऊ झाली आणि घसरून केवडाच्या हातात आली. सेनापती मात्र दगडच राहिला. "हलकं वाटलं," तो म्हणाला. "आता एवढं नाक खाजवून देशील? सात वर्षं झाली."

केवडाने नाक खाजवून दिलं आणि घरी जाऊन शाल उन्हात टाकली.

दुसऱ्या दिवशी ती उत्तरेच्या डोंगरात गेली. तिथे झाडांच्या सावल्या झाडांच्या आधी जाग्या होतात. डोंगराच्या पोटात मायाधर जादूगाराचं कुंड होतं आणि कुंडावर हजार घटिकापात्रं तरंगत होती. बुडाला बारीक भोक असलेल्या वाट्याच त्या. पाणी आत येई, वाटी बुडे आणि कुठल्या तरी राज्यातली एक घटका सरे.

"न बुडणारं पात्र हवं ना?" मायाधर म्हणाला. "मिळेल. हे एक पात्र सोडतो. बुडेपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलंस तर या कुंडातला एक थेंब होशील. तुझ्या आधी आलेले सगळे इथेच आहेत."

कुंडात पाणी पुष्कळ होतं.

केवडा पाठ करून बसली. शेवंता मांडीवर झोपली होती. थोड्या वेळाने पात्र बोलू लागलं. "केवडा, बुडतंय गं." मग तिच्या सासूच्या आवाजात, "अगं बघ तरी, भलतंच काही झालं तर?" भलतंच काही होईल हे ऐकून मान न वळवणं केवडाला जन्मात जमलं नव्हतं. तिची मान वळणार, तेवढ्यात शेवंता झोपेत खोकली.

झालं. केवडा लेकीवर वाकली. श्वास वर गेला, खाली आला. वर गेला, खाली आला. मध्येच जरासा लांबला की हिचा जीव टांगणीला. पुन्हा आला की हिचा जीव भांड्यात. पात्राने राजाच्या आवाजात हाक मारली, सापासारखा फूत्कार टाकला, शेवटी रडून बघितलं. तिला ऐकूच गेलं नाही. मायाधराने खांद्याला हात लावला तेव्हा ती ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू. आत्ता कुठे नीट झोपलीय."

"पात्र केव्हाच बुडालं," मायाधर म्हणाला, आणि त्याने तिला बिनभोकाची तांब्याची वाटी दिली. "हिच्यापुढे घाई चालत नाही. आणखी एक ऐक. शाप बयाजाने दिला नाही, मीही दिला नाही. ती शाल मी विणली आहे. भलत्या खांद्यावर गेली की ती असंच करते. तो तिचा गुण आहे."

त्याच संध्याकाळी केवडा मायाधराने दाखवलेल्या वाटेने निघाली ती तिसऱ्या दिवशी पहाटे, आभाळ जिथे जमिनीला टेकतं तिथे पोचली. एका झोपडीच्या दारात पिकल्या केसांची बाई मांडी घालून बसली होती. आभाळाचा काठ उसवला होता, तो दुमडून ती धावदोऱ्याने शिवत होती.

केवडाने उंबऱ्यावर अक्षत ठेवली. "मावशी, राजवाड्यातून आले. आज माध्यान्ही तुमचा सत्कार आहे. चला."

"नको गं बाई," बयाजा म्हणाली. "मी कुठे काय केलं? चार टाके तर घातले."

पण केवडाने बघितलं, की नको म्हणता म्हणता म्हातारीचा हात केसांवरून फिरला. केवडाची आई दुसरी भाकरी अशीच नको म्हणायची, आणि म्हणताना ताट मात्र मागे ओढायची नाही.

"मावशी, त्या दिवशीही असंच म्हणालात?"

"दोनदा म्हणाले."

"आणि तिसऱ्यांदा?"

बयाजाने दाभण खाली ठेवलं. "तिसऱ्यांदा विचारलं कुणी? अगं, पहिल्या हाकेला उठलं तर लोक म्हणतात हावरट. दुसरीला उठलं तर म्हणतात उतावीळ. तिसरीला उठायचं, ही आपली रीत. मी पदर सावरला, एक गुडघा उचलला, आणि तेवढ्यात शाल त्या शिडीवाल्याच्या अंगावर! भरल्या दरबारात मी अर्धी उठलेली. तशीच खाली बसले. सगळ्यांनी बघितलं गं. मग त्या गावात तोंड कसं दाखवू?"

सात वर्षं, सात पंडित, सात यज्ञ. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी. केवडाला हसू आलं आणि रडूही आलं.

"चला ना मावशी."

"नको गं."

"मावशी, मी रिकामी परत जायची नाही. चला."

"बरं बाई, एवढं म्हणतेस तर. पण मी मागे बसेन हं. दाराशी. लांबून बघेन."

बयाजाला मागून यायला सांगून केवडा पुढे धावली. त्या दिवशी तिने जशी मांडणी केली तशी त्या दरबारात कधी झाली नव्हती. तिने मानाचा चौरंग मागच्या दाराशी मांडला, रांगोळी तिथे काढली, समया तिथे लावल्या. पहिल्या रांगेत सरदारांऐवजी रांगत्या पोरांच्या आया बसवल्या. नारळ तीनदा हलवून बघितला, तबकातली फुलं दोनदा मोजली.

"अगं, हे काय केलंस?" प्रधान ओरडला. "महाराजांचं सिंहासन पार मागे पडलं! शाल द्यायला त्यांनी एवढं लांब यायचं?"

"महाराजांना चालता येतं, प्रधानजी," केवडा म्हणाली.

बयाजा स्वतःच्या पायांनी चालत आली, आणि लांबून बघायला म्हणून जिथे बसली ती जागा चौरंगाच्या अगदी शेजारची निघाली. तिने केवडाकडे डोळे वटारले. केवडा रांगोळीचा ठिपका नीट करू लागली.

सावल्या पायांशी आल्या. भाट उठला आणि पुढचे दात नसलेल्या तोंडाने त्याने पुकारा केला, "बयाजाबाईंनी पुढे यावं!"

"नको, नको," बयाजा म्हणाली. "मी कुठे काय केलं?"

दुसरा पुकारा प्रधानाने केला. "बयाजाबाईंनी पुढे यावं!"

"राहू द्या हो."

प्रधानाची नजर सवयीने घटिकापात्राकडे गेली. वाटी पाण्यावर होती तशी तरंगत होती. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि तो खाली बसला.

तिसरा आग्रह राजाचा. त्याने रात्रभर जागून भाषण पाठ केलं होतं. तो उठला, त्याने हात उंचावला, "हे थोर, हे अलौकिक..." म्हणायला गेला आणि तोंडातून नारळाएवढा धोंडा पडला तो त्याच्याच पायावर. राजा कळवळून खाली बसला. थोर म्हणता येईना, शूर म्हणता येईना, मग आग्रह करायचा तो कोणत्या शब्दांनी? आता सावली बोटभरच उरली होती. सगळे पुन्हा आपल्याकडेच बघताहेत हे बयाजाच्या लक्षात आलं. तिने पदर आवळला आणि जायला म्हणून एक गुडघा उचलला.

मांडणीवालीने समारंभात बोलायचं नसतं. केवडा बोलली. कौतुक तिला करता येत नव्हतं, म्हणून तिने फक्त बघितलेलं सांगितलं.

"मावशी, त्या दुपारी मी आमच्या छपराखाली उभी होते. नुकतं लग्न झालं होतं. एक चांदणी आमच्या छपराकडे येत होती. तुम्ही शिडीच्या शेवटच्या पायरीवर होतात. दोरा दातांनी तोडलात. बोटातून रक्त येत होतं, ते लुगड्याला पुसलंत आणि पुढचा टाका घातलात. चांदणी अर्ध्या वाटेवर विझली. मी बघितलं."

खडा पडला नाही.

पहिल्या रांगेतली एक कुंभारीण उठली. "माझी भट्टी तुमच्यामुळे राहिली. मीही बघितलं."

"माझा गोठा राहिला," मागून कुणी म्हातारा म्हणाला. "सात गाई होत्या आत."

"खाली मान घालून शिडी धरली होती मी," दगडाचा सेनापती म्हणाला. "तुझ्या रक्ताचा थेंब माझ्या हातावर पडला होता."

मग राजा उठला, लंगडतच. "मी त्या वेळी पलंगाखाली होतो," तो म्हणाला. दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. राजाने हसू दिलं. "मी राजा असून पलंगाखाली होतो, आणि तुम्ही शिडीवर होतात. बयाजाबाई, येता का?"

एकही खडा पडला नाही.

बयाजाने पदर सावरला. "एवढं म्हणता तर येते," ती म्हणाली. ती उठली, पुरती उठली आणि चौरंगावर बसली. राजा सगळा दरबार चालून तिच्यापर्यंत आला आणि त्याने मानाची शाल तिच्या खांद्यांवर घातली. सावली पायाखाली गेली.

आधी सेनापती शिंकला. त्या शिंकेने त्याच्या अंगावरचा दगड पापुद्र्यासारखा गळून पडला. मग राज्यातल्या अंगणाअंगणांत, रस्त्यांवर, नदीकाठी, जिथे जिथे खडे होते तिथे ते तडकू लागले, आणि प्रत्येकातून सात वर्षं कोंडलेला शब्द बाहेर आला. शाब्बास! वा रे पठ्ठ्या! काय गायलास रे! छान झालीय गं भाजी! गुरुजींचे शब्द पोरांना शोधत शाळेत गेले. नवऱ्यांचे शब्द बायकांना शोधत चुलीपाशी गेले, आणि पुष्कळ बायका पदर डोळ्यांना लावून खुदकन हसल्या. राजाच्या धोंड्यातून सगळं भाषण एका दमात बाहेर आलं. ते फार लांबलचक होतं, पण कुणी उठलं नाही. नगारे झडू लागले. बयाजा चौरंगावर ताठ बसून सगळं ऐकत होती आणि आता एकदाही "नको" म्हणत नव्हती.

या गलक्यात केवडाने शेवंताला कधी खाली ठेवलं ते तिचं तिलाच कळलं नाही. वळून बघते तर पोर उभी. दोन्ही हात पसरलेले, नजर आईच्या तोंडावर.

केवडाच्या जिभेवर "शाब्बास" आला होता, गरम आणि मऊ. पण तिला भीती वाटली. तिने आधी गुडघे टेकले आणि जे बघितलं ते सांगितलं. "शेवंता, तू उभी राहिलीस. कुणाला न धरता. मी बघितलं."

पोरीने एक पाऊल टाकलं.

"शाब्बास माझी बाय!"

पोर चालत सुटली. आईकडे नाही, थेट रांगोळीवरून. लाल, पिवळी, हिरवी पावलं उठवत ती राजापर्यंत गेली, त्याच्या दुखऱ्या पायावर पाय देऊन पुढे गेली आणि बयाजाच्या मांडीवर जाऊन आदळली. "अगं, रांगोळी!" प्रधान ओरडला. तोवर पहिल्या रांगेतली सगळी पोरं उठली होती, आणि सर्वांत पुढे रखमी होती.

तेव्हापासून त्या राज्यात सत्काराला मुहूर्त बघत नाहीत. तीनदा विचारतात, आणि विचारताना आधी त्या माणसाने काय केलं ते सांगतात. सेनापती वज्रबाहूचाही पुढच्या महिन्यात सत्कार झाला, शिडी घट्ट धरल्याबद्दल. तो तिसऱ्या हाकेला उठला.

ऐकलंत ना? मग ही गोष्ट तुमच्यापाशी ठेवू नका. शेजारणीला सांगा, माहेरी जाल तेव्हा माहेरी सांगा, बाजारात भेटेल त्याला सांगा. घरातल्या कुणी काही केलेलं तुम्ही बघितलं असेल, तर तेही त्याच्या तोंडावर सांगा. तो म्हणेल, मी कुठे काय केलं. तुम्ही पुन्हा सांगा.